साठच्या कॅसेटीत न मावलेला शेवट

पार्सल शाळेच्या पत्त्यावर मागवलं, ही माझीच चूक. शिपायानं ते मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या टेबलावर आणून ठेवलं आणि भूगोलाच्या सरांनी मला न विचारता त्याची चिकटपट्टी ओढली. आतून सीडी निघाली. वरचं चित्र असं: पंख फुटलेला पांढरा घोडा, त्याच्यावर तलवार उपसलेला माणूस आणि मागे पेटलेला किल्ला.

"मॅडम, हे काय? पोरायचा गेम मागवलात का?"

"गाणी आहेत सर. पॉवर मेटल."

"म्हणजे?"

"आपल्या लग्नातल्या बँडला विजेची तार जोडली तर जे होईल ते."

सरांना वाटलं मी चेष्टा करते. पण बँडबद्दल मी चेष्टा करत नाही. माझे वडील मुखेडचे बँडमास्तर. चाळीस वर्षं त्यांनी ट्रंपेट वाजवली आणि त्या फुंकेवर आम्ही तीन भावंडं वाढलो. आमच्या घरात, आमच्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. आता लातूरला गणित शिकवते. आधी घरात एकच मास्तर होते, मी लागल्यापासून दोन झाले.

ही सीडी नव्या गाण्यांची नव्हती. युरोपातल्या कुठल्याशा बर्फाळ गावातल्या पाच पोरांनी वीस-बावीस वर्षांपूर्वी काढलेला अल्बम होता तो. काढणारी कंपनी बुडाली, हक्कांवरून भांडणं लागली आणि अल्बम बाजारातून गेला. आता त्यांनी मूळ टेप शोधून काढल्या, साफ केल्या, एकेका वाद्याचा आवाज नव्यानं बसवला आणि अल्बम परत काढला. याला रिमास्टर म्हणतात. मला त्यातल्या शेवटच्या गाण्याचा शेवट ऐकायचा होता, बाकी काही नाही. आणि तोच ऐकायची धास्तीही होती. कारण त्या शेवटाबद्दल मी एकदा वडलांशी खोटं बोलले होते आणि आमचा बँड इतकी वर्षं त्या खोट्यावर वाजत आला होता.

ते असं झालं.

मी लातूरला बी.एस्सी.ला होते. होस्टेलवर माझी खोलीवाली नांदेडची. तिचा थोरला भाऊ पुण्याला शिकायचा. त्यानं ही सीडी कुणाकडून तरी आणली आणि तिची पहिली तीन-चार गाणी आम्ही होस्टेलच्या मेसवाल्या मावशींच्या पोराच्या कॉम्प्युटरवर ऐकली. मला पहिल्याच मिनिटाला कळलं की हे आमच्या घरचं काहीतरी आहे. ड्रम असा पळत होता की वाटावं डांबरी रस्त्यावर चार टापा पडतायत. वर गिटारी सनईसारख्या जोडीनं चढत होत्या. मैत्रीण म्हणाली, "किती गोंगाट आहे गं." मी म्हटलं, "तू कधी परण्यात नाचलीस का?"

परण्या म्हणजे लग्नाआधी नवरदेव घोडीवर बसून मारुतीच्या दर्शनाला निघतो, ती मिरवणूक. आमच्या भागात लग्न चुकलं तर चालतं, परण्या चुकवत नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीला जाताना मी मुद्दाम वाट वाकडी करून नांदेडला गेले. स्टेशनच्या बाजूला कॅसेट भरून देणारे एक चाचा होते. सीडी द्यायची, दोन तासांनी कॅसेट न्यायची. नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटी संपल्या होत्या. चाचा म्हणाले, "साठ की है. बैठ जाता सब, फिकर नक्को करो." मी फिकर केली नाही. पाचच्या एसटीनं मुखेडला गेले. सीडी खोलीवालीकडे परत गेली, आणि पुण्यात कुणाच्या तरी हाती पडून हरवली.

आमच्याकडे दिवाळी म्हणजे नवीन गाणी उतरवायचे दिवस. तुळशीचं लग्न लागलं की सिझन सुरू, त्याच्या आत बँडच्या हाती काहीतरी नवं पाहिजे. आबांना, म्हणजे वडलांना, लिहिलेलं संगीत वाचता येत नाही. ते अंगणात खाटेवर टेप ठेवायचे, अंगठा पॉजच्या बटणावर. एक ओळ ऐकायची, थांबवायची, तोंडानं "पॅ पॅपॅ पॅ" म्हणून बघायची, मग ट्रंपेटवर. शेजारी साइड ड्रमवाले काका. ते आबांच्या वयाचे, दोघांची जोडी लहानपणापासूनची. काका मांडीवर बोटांनी ठेका धरायचे.

मी कॅसेट लावली. काकांचं बोट मांडीवर पडलं, पडलं, आणि मागं राहिलं. त्यांनी दोन्ही हात वापरले. तरी मागंच.

"ए मास्तर, ह्या माणसाला किती पाय हायेत?"

"गप ऐक," आबा म्हणाले. "घोडं हाय हे. परण्याचं हाय." मग मला विचारलं, "गाणारी बाई हाय का बुवा?"

आवाज इतका वर जात होता की मलाही माहीत नव्हतं. पण मी कॉलेजवाली. म्हटलं, "बाई आहे."

शेवटचं गाणं आबांना सगळ्यात आवडलं. ते चढत गेलं, चढत गेलं, सगळे मिळून गायला लागले, ड्रम फुटायच्या बेताला आला आणि मध्येच टक्क. शांत. अंगणात नुसत्या चिमण्या.

आबांनी माझ्याकडं बघितलं. "हे हितंच संपतंय का?"

'माहीत नाही' असं म्हणायला काय लागत होतं? तीन अक्षरी माहीत आणि दोन अक्षरी नाही. पण खाटेभोवती क्लॅरोनेटवाले, ढोलवाले, शेजारच्या बाया, सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. लातूरला शिकायला गेलेली पोरगी काय सांगते म्हणून. मी म्हटलं, "हाव. इंग्लिश गाणी अशीच संपवतात. स्टाइल आहे ती."

"बघा," आबा बाकीच्यांना म्हणाले. "स्टाइल हाय."

त्या सिझनला त्यांनी ते गाणं परण्यात घातलं. गाणं चढायचं, पोरं धुळीत नाचायची, आणि ऐन भरात अख्खा बँड एकदम थांबायचा. मनात दोन मोजायचे. ज्याचा हात वर गेला त्याचा हात वरच, ज्याचा फेटा सुटला त्याचा सुटलेलाच. मग ढोल धाडकन पडायचा आणि गाणं पहिल्यापासून. लोक खुळे झाले. अर्धापूरपासून देगलूरपर्यंत बोलावणी यायला लागली. "ते थांबायचं वाजवता का तुमी?" असं विचारत यायचे. गाण्याला नावच पडलं, थांबा. घोडीवाल्याची घोडीसुद्धा शिकली. थांबा आला की पुढचा पाय उचलून तशीच उभी राहायची. डीजे आले, कितीतरी बँड बसले, आमचा टिकला. डीजेवाल्या पोरांनी थांबा करून बघितला. पण मशीन थांबली की लोकांना वाटायचं लाइट गेली.

आणि दर वेळी कुणी विचारलं, मास्तर हे कुठून आणलं, की आबा सांगायचे, "माझी पोरगी शिकलेली. तिनं दाखवलं."

सुट्टी संपवून होस्टेलला गेले तेव्हा खोलीवाली म्हणाली होती, "अगं, ते गाणं तर पुढं तीन मिनिटं आहे. भाऊ म्हणतो खरं गाणं तिथूनच सुरू होतं." कॅसेट संपली होती, गाणं नाही. चाचांचं सगळं बैठलं नव्हतं. तेव्हा लगेच सांगितलं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण सिझन सुरू झाला होता. पुढच्या वर्षी सांगू म्हटलं. पुढच्या वर्षी थांबा गावोगाव गेला होता. इंटरनेट आलं तेव्हा त्यातली दोन-तीन गाणी सापडली, हे सापडलं नाही. खरं सांगायचं तर मी फार शोधलंही नाही.

तर आता सीडी हातात होती. शाळा सुटल्यावर मी गाडीत बसले. आमची गाडी जुनी, सीडीचा खण असलेली. ती बदलायची म्हणून नवरा दर दसऱ्याला विषय काढतो. काचा वर केल्या आणि थेट शेवटचं गाणं लावलं.

पहिली गोष्ट ही की खाली एक गिटार होती! जाड आवाजाची, सगळं गाणं पाठीवर घेऊन चाललेली. आमच्या कॅसेटीत ती कधी ऐकूच आली नव्हती. तिथं नुसती खरखर होती आणि मी इतकी वर्षं ती खरखर गाण्याचाच भाग समजत होते. आता ती नाही म्हटल्यावर गाणं घासून पुसून ठेवलेल्या पितळी भांड्यासारखं झालं होतं. थोडं जास्तच लखलखीत. मला ती खरखर हवी होती, हेही सांगून टाकते.

मग ती जागा आली. मी मनात दोन मोजले. ढोल पडायच्या ऐवजी तो गाणारा हळू आवाजात बोलल्यासारखा गायला लागला. परण्यात सगळे थांबलेले असताना कुणीतरी जवळ येऊन कानात काही सांगावं तसं. ड्रम नाही, गिटार नाही. तीच चाल, अर्ध्या वेगानं. शेवटी सगळे मिळून नुसतं गुणगुणतात आणि संपतं. मी ते चार वेळा ऐकलं. वॉचमन काच वाजवून म्हणाला, "मॅडम, गेट लावायचंय."

त्याच संध्याकाळी आबांचा फोन आला. त्यांचे पुढचे दोन दात महिनाभर हलत होते.

"काढायचेत," ते म्हणाले. "काकाच्या नातीचं लग्न गुरुवारी नायगावला हाय. तेवढं वाजवतो अन् सोमवारी लातूरला येतो, तुझ्या त्या डॉक्टरकडं."

ट्रंपेट ओठानं वाजते असं लोकांना वाटतं. ओठाच्या मागं दात लागतात. पुढचे दात गेले की ट्रंपेट भिंतीवर. म्हणजे गुरुवारचा परण्या हा शेवटचा.

नवरा म्हणाला, "लग्न होऊ दे. मग सांग. आता कशाला त्यांचा मूड घालवतेस?" सल्ला चांगला होता. पण मी हिशेब वेगळा केला. गुरुवारनंतर सांगितलं तर त्यांना तो शेवट नुसता ऐकता येईल, वाजवता येणार नाही. आणि तेव्हा त्यांनी म्हटलं की आधी का नाही सांगितलंस, तर माझ्याकडं काय उत्तर?

रविवारी मुखेडला गेले. आबा अंगणात ट्रंपेटला ब्रासो लावत बसले होते. ड्रमवाले काका चहाला आलेले.

"आबा, गाडीत बसा. एक ऐकवायचंय."

"हितं ऐकव की."

"सीडी आहे. गाडीतच वाजते."

आबा पुढं, काका मागं. गाडी लिंबाखाली उभी. मी एसी लावला, काकांनी लगेच काच खाली केली. गाणं सुरू झालं तसे दोघंही हसले. जुना सोयरा दारात यावा तसे.

"धुऊन आणलंय का गं हे?" काका म्हणाले. "लई साफ वाजायलंय."

आबांनी खालची गिटार पहिल्या झटक्यात पकडली. "हे बघ, हे. आपल्या युफोनियमच्या मोठ्या कर्ण्याला हे द्यायला पायजे व्हतं. आपण त्याला उगं भों-भों करायला लावलं." आणि मग ती जागा आली. आबांनी डॅशबोर्डवर बोट उचललं. एक. दोन. काकांनी सीटच्या पाठीवर ढोल हाणायला पंजा वर नेला.

आणि गाणं पुढं चाललं.

काकांचा पंजा वरच राहिला. आबांचं बोटही. शेवटचं गुणगुणणं संपलं. मी सीडी थांबवली आणि बोलून टाकलं. साठची कॅसेट, चाचा, खोलीवाली, सगळं. "मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि महिनाभरात माहीत झालं. तरी सांगितलं नाही. स्टाइल-बिइल काही नव्हतं. टेप संपली होती."

आबा समोरच्या काचेतून बघत म्हणाले, "ते मला म्हाईत हाय."

"काय?"

"टेप संपली की बटण टक्क करून वर येतंय. माझा अंगठा बटणावर व्हता, माय. अंगठ्याला कळलं."

"मग विचारलंत कामून?"

"तू काय सांगतीस बघावं म्हणलं." मग त्यांनी माझ्याकडं तोंड वळवलं. "राग आला व्हता त्या दिवशी. पोटाला चिमटा काढून लातूरला ठिवली अन् 'म्हाईत न्हाई' म्हणायचं तेवढं शिकून आली न्हाई, असं वाटलं."

हे लागलं. लागायलाच पाहिजे होतं. वर्गात दरवर्षी मी पोरांना सांगते, येत नसेल तर येत नाही म्हणा, थापा मारू नका. कुठून शिकले ते मला त्या लिंबाखाली कळलं.

"चारचौघात बोलला असतात तर बरं झालं असतं," मी म्हटलं.

"चारचौघात कसं बोलू? चारचौघंच तुझ्याकडं बघायलते. अन् दुसऱ्या दिशी वाजवून बघितलं तर थांबा लई भारी बसला. मंग काय. कुणी चुकून का होईना, चांगलं दिलं तर ठिवून घ्यावं."

मागून काका म्हणाले, "म्हंजी मला येडं केलंत व्हय दोघांनी? मी लोकायला सांगत फिरलो, इंग्लंडात असंच वाजवतेत म्हणून! घोडीसुदिक इंग्लंडची समजायली स्वतःला."

आबा इतके हसले की हातानं दात धरावे लागले.

मग म्हणाले, "लाव परत. शेवट तेवढा."

तिसऱ्यांदा लावला तेव्हा ते "पॅ पॅपॅ पॅ" करायला लागले. हळू. पाचव्यांदा त्यांनी अंगणातून ट्रंपेट मागवली आणि गाडीचं दार उघडं टाकून, एक पाय बाहेर ठेवून वाजवायला लागले. आईनं ओट्यावरून बघितलं आणि म्हणाली, "दात पडतील तिथंच." कुणी ऐकलं नाही. मी मात्र शंका काढली. "आबा, परण्यात हे चालायचं नाही. लोक थांब्याला सोकावलेत. पुढं हे रडकं सुरू झालं तर नाचणार कोण?"

"परण्यात कोण म्हणतंय? परण्यात थांबाच." ट्रंपेट पुसत ते म्हणाले, "हे पोरगी वाटं लावताना वाजवायचं."

काकांनी मांडीवर बोटांनी हळू ठेका धरला. नात त्यांची होती.

गुरुवारी मी रजा टाकून नायगावला गेले. परण्या दुपारी निघाला. थांबा आला, सगळं गाव हात वर करून उभं राहिलं, घोडीनं पाय उचलला, नवरदेवानं घाबरून तिची मान धरली, ढोल पडला. दरवेळेसारखंच. पण आबांनी यावेळी दोन नाही, तीन मोजले. मी मोजत होते म्हणून मला कळलं. त्यांनी थांबा जरा लांबवून घेतला.

संध्याकाळी पाठवणीला नवरी मांडवातून निघाली तसे बाकीचे वाजवणारे बाजूला झाले. आबा एकटे पुढं आले. काकांनी काड्या ठेवून दिल्या आणि ड्रमवर नुसते तळवे फिरवले. ती चाल उठली. परण्यात जी पळत होती, तीच आता चालत होती. लोकांना ओळखीची वाटली पण नेमकं कळेना. एका बाईनं दुसरीला विचारलं, "हे थांब्याचंच हाय का गं?" एका सुरावर आबांची फुंक फाटली, दातानं दगा दिला. त्यांनी तो सूर सोडला नाही, परत घेतला. नवरी काकांच्या गळ्यात पडली तेव्हा ड्रमवर एकच तळवा राहिला होता.

संपल्यावर आबा माझ्याजवळ आले. घाम पुसत म्हणाले, "हितंच संपतंय ना आता?"

"सीडीवर तरी इथंच संपतं," मी म्हटलं. "पुढचं मला माहीत नाही."

"जमलं बघ," ते म्हणाले.

सोमवारी मी त्यांना लातूरला घेऊन आले. गाडीत पूर्ण सीडी लावली, पहिल्यापासून. चाकूर मागं पडेपर्यंत ते डॅशबोर्डवर ठेका धरून होते. मग त्यांनी सीडीबरोबरची पुस्तिका उचलली, चष्मा लावला आणि फोटो बघत बसले. एका पानावर थांबले. लांब केस, छातीपर्यंत दाढी, हातात माइक.

"हे कोण?"

मी गाडीचा वेग कमी केला. "ते गाणारे आहेत, आबा."

त्यांनी फोटो जवळ नेला, लांब नेला. "म्हंजी बाई न्हाई."

"नाही."

"अजून काय काय हाय?" ते म्हणाले. "लातूर यायच्या आत सांगून टाक. मंग माझं तोंड बधिर करतेत, मला बोलता येणार न्हाई."